छत्रीचा मान

वरची वाडी, ता. खेड, जि. रत्नागिरी
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप हरिश्चंद्रकाका,

आपल्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे मनातल्या मनात उजव्याच पायावर ठेवलं आहे.) गुडघा आता वाकतो का, जिना चढवतो का, आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम आपण खरोखर करता की कमळाकाकू विचारतात तेव्हाच करता, हे कृपया कळवावं. काकूंना नमस्कार. त्यांनी पाठवलेलं लोणचं पोचलं. बरणीचं झाकण थोडं सैल होतं, त्यामुळे पिशवीतली माझी बनियनंही पोचली तेव्हा लोणच्याचीच झाली होती, पण चव उत्तम आहे.

आपल्याला वाटेल, फोन असताना हा मुलगा पत्र का लिहितो. फोनवर आपण "हां, बोल, बोल" म्हणता आणि मी बोलायला लागलो की आपली लिफ्ट येते. शिवाय जी गोष्ट सांगायची आहे ती क्रमाने सांगितली नाही तर मी मूर्ख वाटेन. (क्रमाने सांगितल्यावरही वाटेन, पण निदान का ते कळेल.) माझं शिक्षण अकरावीत थांबलं हे खरं, पण शुद्धलेखन थांबलेलं नाही, तेव्हा वाचायला त्रास होणार नाही.

गावच्या मंडळाच्या मुंबई शाखेचे आपण अध्यक्ष, त्यामुळे छत्रीच्या भांडणाची एक बाजू आपल्या कानावर आली असेलच. बहुधा दोन्ही आल्या असतील. पण ते भांडण सुरू कसं झालं हे मुंबईत कोणालाच नीट माहीत नाही, कारण ते इतक्या लहान गोष्टीपासून झालं की सांगायला गेलं तर लोक म्हणतात, ते सोड, खरं काय ते सांग. खरं तेवढंच आहे.

गेल्याच्या आदल्या शिमग्यात देवीची पालखी आपल्या वाडीत घरोघर फिरत होती. (गावात सगळे देवीला आई म्हणतात, पण या पत्रात मी देवीला देवी आणि आमच्या आईला आमची आई लिहीन, म्हणजे घोटाळा नको.) ऊन असं होतं की कातळावर पाय ठेवला की उचलावासा वाटे. उन्हाने माझं डोकं उठतं हे आपण जाणताच. म्हणून मी छत्री नेली होती. लोट्याला कंपनीत सुरक्षा सप्ताहात सगळ्या कामगारांना वाटली होती ती, अर्धी पिवळी, अर्धी निळी, कडेला 'सुरक्षा प्रथम' असं लिहिलेली. (शुद्ध लिहिलं आहे, मी तपासलं.) माझ्याशेजारी आप्पा गुरव चालत होते, अनवाणी, हातात ताम्हण, आणि डोक्यावर एक केस नाही. ते टक्कल तापताना मला बघवेना, म्हणून मी अर्धी छत्री त्यांच्यावर धरली. आता गुरव पालखीला चिकटून चालणार. आप्पा पालखीला चिकटले, मी आप्पांना चिकटलो, आणि छत्रीची एक कड पालखीवर गेली. झालं ते एवढंच.

आपला शेजारी बाबल्या रिक्षावाला तेव्हा फोटो काढत होता. त्याने काढलेल्या फोटोत आप्पा आलेच नाहीत, फक्त पालखी, छत्री आणि छत्री धरलेला मी. खाली त्याने लिहिलं, आईवर छत्र धरताना आपला ऋत्विक. मी ताबडतोब गावाच्या ग्रुपवर खुलासा टाकला की ते आप्पांसाठी होतं. पण तोपर्यंत फोटोखाली इतके जोडलेले हात आले होते की माझा खुलासा त्यात गाडला गेला, आणि ज्या थोड्यांना तो दिसला त्यांनी त्याला माझा विनय समजलं. एकाने तर लिहिलं की असे संस्कार आता राहिले नाहीत.

त्या वर्षी आंब्याचा मोहोर गळला नाही. बाबल्याची हरवलेली म्हैस परत आली, आणि येताना रेडकू घेऊन आली. खालच्या वाडीतल्या एका मुलीला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. यातल्या कशाचाही छत्रीशी संबंध नाही हे मी ज्याला त्याला सांगितलं. लोक म्हणायचे, बरोबर आहे तुझं, आणि जाताना छत्री कुठे ठेवली आहेस ते विचारायचे.

गेल्या शिमग्यात कंपनीत माझी सकाळची पहिली पाळी होती. मी आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून, पहाटेच्या कंपनीच्या बसने निश्चिंत मनाने लोट्याला गेलो. दुपारी पॅकिंगवर उभा असताना सुपरवायझर स्वतः आले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या गावचा देव खोळंबलाय, जा." पालखी पऱ्याचं पाणी ओलांडून वरच्या वाडीच्या तोंडाशी आली होती आणि तिथेच थांबली होती, कारण कोणीतरी विचारलं, छत्री कुठाय, आणि मग पुढे पाऊल टाकायला कोणी तयार होईना. न जाणो, पुढे गेलो आणि मोहोर गळला तर जबाबदार कोण. सुपरवायझर मूळचे गुहागरचे, त्यांना बाकी काही समजावून सांगावं लागलं नाही. गेटवर बाबल्या रिक्षा चालू ठेवूनच उभा होता. मी कंपनीच्या गणवेशात, सुरक्षा बूट हातात घेऊन, पालखीवर छत्री धरली. ढोल वाजले. आप्पांचं टक्कल या वेळी उन्हातच राहिलं, कारण त्यांना छत्रीखाली घेतलं तर लोकांना ते बरं दिसलं नसतं.

काका, एकदा घडलं तर आपल्या गावात कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्यांदा घडलं की ती प्रथा होते, आणि प्रथेला मालक लागतो. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसल्यावर आप्पांनी गाऱ्हाण्यात सगळे मान म्हटले, पहिल्या नारळाचा मान, पहिल्या खांद्याचा मान, आणि मग डोळे न उघडता छत्रीचा मान भुवडांचा, म्हणजे आमचा, असं म्हटलं. सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. मीसुद्धा म्हणालो. सवयीने तोंडातून जातं ते.

त्यानंतर आपल्या मुंबई शाखेने छत्रीला जरीच्या झालरीची मखमली खोळ शिवून पाठवली, त्याबद्दल आभार. ती फार सुंदर आहे आणि फार जड आहे. वरून आता राजेशाही दिसतं, आतून बघणाऱ्याला, म्हणजे मला आणि देवीला, अजून 'सुरक्षा प्रथम' दिसतं. गंमत बाजूला ठेवून एक सांगतो. बाबा गेल्यापासून कुठल्याही कार्यात आमची आई मागीलदारी असायची. बारसं असो, लग्न असो, ती चुलीशी वडे तळत बसायची आणि पुढे कोणी बोलावलं तरी हात पिठाचे आहेत म्हणायची. मान आल्यापासून सहाणेवर तिच्यासाठी खुर्ची ठेवतात. आनंदीवहिनी आल्या का, असं विचारून मग सुरुवात करतात. आमची आई खोळ स्वतः धुते, आणि इस्त्री करताना मला हात लावू देत नाही.

आता खालच्या वाडीकडे येतो. आपल्याला माहीत आहेच की गावचे सगळे मान दोन वाड्यांत सारखे वाटलेले आहेत. छत्रीमुळे आपल्याकडे एक जास्त झाला. खालच्या वाडीचं म्हणणं पडलं की छत्र एकीकडे असेल तर चवरी दुसरीकडे हवी. मुद्दा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्यांनी मुंबईहून पांढऱ्या केसांची, चांदीच्या मुठीची चवरी आणली आणि ती वारायचा मान रामाकाकांना दिला. आता गावात रामाकाका सोडून का कोणी नव्हतं. पण नेमके रामाकाका, म्हणजे ज्ञानेश्वरीचे वडील. (दोन वाड्यांच्या भावक्या वेगळ्या म्हणूनच आमचं जमलं, हे काकूंना माहीत आहे. मुलगी खेडला पार्लरमध्ये कामाला आहे, स्वभाव स्पष्ट आहे. दिवाळीनंतर साखरपुडा आणि वैशाखात लग्न असं दोन्ही घरांत ठरलं होतं.)

याच सुमाराला ग्रुप फुटला. एक वरच्या वाडीचा, एक खालच्या वाडीचा, आणि एक 'फक्त शांतता' नावाचा, ज्यात ज्यांना भांडायचं नाही ते गेले आणि तिथे भांडू लागले. त्याचा ॲडमिन मी आहे. कसा झालो मला माहीत नाही, सकाळी उठलो तेव्हा होतो.

दसऱ्याला देव सोनं लुटायला सीमेवर निघाले. उजवीकडून मी छत्री धरलेली, डावीकडून रामाकाका चवरी वारतायत. त्यांनी चवरी वर नेली, वाऱ्याने छत्री कलली, आणि चवरीचे केस छत्रीच्या काडीत गुंतले. मी ओढलं असतं तर वरच्या वाडीने चवरीचा अपमान केला असं झालं असतं. त्यांनी ओढलं असतं तर छत्री फाटली असती. म्हणून दोघेही हात वर करून उभे राहिलो. मध्ये देवी, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझे होणारे सासरे, आणि वर आम्ही एकमेकांना बांधलेले. पालखी थांबली, ढोल थांबले. मी रामाकाकांकडे बघून थोडं हसलो. ते हसले नाहीत. दोन्ही वाड्यांची माणसं पुढे सरकली आणि एकमेकांना हात लावू नका म्हणत एकमेकांना हात लावू लागली. तेवढ्यात ज्ञानेश्वरी बायकांतून पुढे आली. तिने केसातला चाप काढून दातात धरला, कडेच्या पायरीवर चढली आणि पार्लरमध्ये सोडवतात तशी एकेक बट सोडवली. सोडवताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "हलू नकोस, मेल्या." सगळ्या गावासमोर. मी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी रामाकाकांचा निरोप आला. छत्रीचा निकाल लागेपर्यंत सुपारी फुटणार नाही. जिथे आमच्या चवरीला अडकवतात तिथे मुलगी कशी देऊ. निरोप घेऊन बाबल्या आला होता, आणि त्याने तो वाटेतल्या प्रत्येक घरी थांबून आणला होता.

मान सोडायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. प्रथम मी छत्री कंपनीच्या बसमध्ये विसरलो. पुढच्या फेरीला ड्रायव्हर ती घरी घेऊन आला, दांड्याला जास्वंद खोवलेली होती, आणि म्हणाला की ही जवळ असताना घाटात एक ब्रेक मारावा लागला नाही. मग मी गावकीत उभा राहून, शक्य तितक्या नम्र भाषेत, राजीनामा द्यायची इच्छा सांगितली. वरची वाडी म्हणाली, मान तुझा नाही, घराचा आहे, तू नुसता हात. खालची वाडी म्हणाली, बघा, देवीचा मान ह्याला जड झाला. दोन्ही वाड्यांचं इतक्या दिवसांत एकमत झालं ते माझ्यावर रागवण्यात. शेवटी कौल लावायचं ठरलं. आप्पांनी देवीच्या दोन खांद्यांना दोन कळ्या लावल्या, उजवी पडली तर मान सोडायचा, डावी पडली तर ठेवायचा. आम्ही बसून राहिलो. चहा झाला. कळ्या जागच्या हलल्या नाहीत. आप्पा म्हणाले, "आई विचार करते हाय. तिला घाई करू नका." ती अजून विचार करते आहे. शिमगा मात्र जवळ येत चालला आहे, आणि माझं लग्न लांब.

असो. बाकी सर्व क्षेम आहे. गोठ्याचं छप्पर शाकारून घेतलं. आपल्या घराची कुलपं मी दर रविवारी बघतो, आणि कुलूप लागलंय ना हे बघायला पुन्हा मागे जातो. हे सगळं फक्त आपल्या माहितीसाठी लिहिलं, मागणं काही नाही. गुडघ्याला जपावं आणि मुलावरचा लोभ आहे तसा असू द्यावा.

आपला आज्ञाधारक,
ऋत्विक

ता. क. एक लहानसं मागणं आहे. भुवडांचं थोरलं घर आपलं. आमचं धाकटं. तेव्हा रीतीने छत्रीचा मान आपला आहे, हे आतापर्यंत कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. शिमग्याच्या आधीच्या गावकीला आपण यावं आणि माझ्याशी भांडावं. सर्वांसमोर, मोठ्याने. थोरलं घर जिवंत असताना तू मान घेतोस कसा, अशी सुरुवात करता येईल. नालायक म्हटलं तरी चालेल. (बापाचं नाव घालवलंस, एवढं म्हणू नये, आमच्या आईला लागेल.) मी मान खाली घालून छत्री आपल्या हातात देईन. धाकट्याने थोरल्याला दिली म्हणजे वरच्या वाडीची मान खाली जात नाही, आणि माझ्या घरात छत्री नाही म्हणजे रामाकाकांचीही अडचण संपली. आपल्याला ती एकदाच धरावी लागेल. पुढच्या वर्षी आपण येणार नाही (राग नसावा, आपण बहुधा येत नाहीच), म्हणजे प्रथा आपोआप मोडेल, आणि मुंबईला जाऊन जाब विचारायला कोणाला सुट्टी नसते.

ता. क. दुसरा, बुधवार. हे पत्र अजून गावातच आहे. माझ्या पाळीमुळे पोस्टाची वेळ सापडेना, म्हणून खेडला टाकायला ज्ञानेश्वरीकडे दिलं होतं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. तिने वाचलं. (सर्व. फुल्या मारून खोडलेलंसुद्धा.) संध्याकाळी बसमधून उतरलो तर ती थांब्यावर उभी होती आणि थांब्यापासून घरापर्यंत बोलत आली. त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच, की ती म्हणाली, "तुझी आईस आत्ता कुठं पुढं बसायला लागली, आणि तू तिची खुर्ची उचलून काकांना देतोस? मला विचारलंस?" मी म्हणालो, तुझ्यासाठीच चाललंय. ती म्हणाली, माझ्यासाठी म्हणून सासूला परत चुलीपाशी बसवलंस तर त्या घरात मी कुठं बसायचं.

मग ती सरळ घरात शिरली आणि आमच्या आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रडारड. आमची आई तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. म्हणाली, मला ठाऊक होतं, जो माणूस कुलूप लावून दोनदा मागे फिरतो तो बसमध्ये छत्री विसरेल होय. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तुला जड होते तर माझ्याकडं दे. मान घराचा हाय ना? मी घरातलीच हाय. मला कोणी विचारलंच नाय." काका, हे खरं आहे. गावकी झाली, कौल झाला, मी ड्रायव्हरला विचारलं, सुपरवायझरला विचारलं. तिला विचारलं नाही.

ज्ञानेश्वरीने ते त्याच पावली जाऊन रामाकाकांना सांगितलं. ते म्हणाले, आनंदीवहिनींच्या छत्रीशी मी कसला भांडतो, त्यांनी माझ्या दोन्ही बहिणींच्या लग्नात सगळा स्वयंपाक काढला होता. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ज्ञानेश्वरीलाही नवीन होतं. त्यांचा उजवा हात दसऱ्यापासून खांद्याच्या वर जात नाही. भाकरीसुद्धा डाव्या हाताने मोडतात. पण वरच्या वाडीने छत्री ठेवल्याशिवाय आपण चवरी कशी ठेवायची, म्हणून कोणाला बोलले नव्हते. साखरपुडा आता माघात आहे.

तेव्हा काका, भांडायला येऊ नये. वरचं मागणं रद्द समजावं. पण यावं मात्र नक्की. विधवा बाई पालखीशेजारी छत्री धरून चालेल, हे गावकीत कोणीतरी आधी मोठ्याने म्हणायला हवं, आणि मग थोडा वेळ तसंच उभं राहायला हवं. मी म्हणेनच, पण मी धाकट्या घरचा, त्यातून तिचा मुलगा. आप्पा म्हणतात, देवी स्वतः बाईच आहे, ती काही बोलणार नाही, पण पहिला शब्द थोरल्या घराचा पडू दे. हे भांडणापेक्षा कठीण आहे, मला कल्पना आहे. म्हणूनच आपल्याला लिहितो आहे.

ता. क. शेवटचा. रामाकाकांना मुलगा नाही. त्यामुळे चवरीचा मान शिमग्यापासून ज्ञानेश्वरी घेणार, असं त्यांच्या वाडीने कौतुकाने, एकमताने ठरवलं. वैशाखात ती लग्न होऊन आमच्याकडे येईल, आणि मग छत्री आणि चवरी दोन्ही एकाच घरात होतील. खालच्या वाडीच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. कृपया अक्षता पडेपर्यंत ते लक्षात आणून देऊ नये.